ताऱ्यांमागे फिरणारी फळी: काटेकोर कुठे राहायचं, सैल कुठे सोडायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. प्लायवूडच्या दोन फळ्या बिजागरीने जोडून, खालच्या फळीत कडेपासून मोजून २३ सेंटिमीटरवर एम-६ बोल्ट बसवून तुम्ही बार्न डोअर ट्रॅकर तयार केला, म्हणजे वरच्या फळीवर बसवलेला कॅमेरा आकाशाच्या गतीने फिरवणारी रचना. दर पंधरा सेकंदांनी बोल्टला पाव फेरा दिला. ५० मिलिमीटरच्या लेन्सने दोन मिनिटांचं एक्सपोजर घेतलं, तरी ताऱ्यांचे ठिपके न येता रेघा आल्या. आता मोटर आणि सर्किट लावल्याशिवाय हे जमणारच नाही का?

जमेल. मोटर अजून घेऊ नका. तुम्ही लिहिलेल्यात दोन दोष स्पष्ट दिसतात आणि आणखी दोन असण्याची दाट शक्यता आहे. यातला एकच मोटरने जाईल, आणि तोही हाताने घालवता येतो.

ही रचना साधी आहे म्हणून तिला कमी समजू नका. स्कॉटलंडच्या जॉर्ज हेग यांनी तिचा आराखडा १९७५ साली प्रसिद्ध केला, म्हणून तिला हेग माउंट किंवा स्कॉच माउंट असंही म्हणतात. तेव्हापासून फिल्मवर आणि नंतर डिजिटल कॅमेऱ्यावर हजारो हौशी लोकांनी तिच्यावर आकाशगंगेचे उत्तम फोटो काढले आहेत. मात्र तिच्यात काही गोष्टी मिलिमीटरभर चुकल्या तरी चालतात आणि काही केसभरही हललेल्या चालत नाहीत. कुठली गोष्ट कोणत्या गटात मोडते हे आकड्यांवरूनच कळतं, म्हणून आधी थोडा हिशेब.

पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पूर्ण करते. म्हणजे आकाश सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतं. एका अंशात ६० कला आणि एका कलेत ६० विकला, हे लक्षात असू द्या. पुढचं सगळं विकलांतच मोजणार आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ४ मायक्रॉनचा धरला तर ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एका पिक्सेलमध्ये साडेसोळा विकला मावतात. ट्रॅकर नसेल तर तारा सव्वा सेकंदाच्या आतच शेजारच्या पिक्सेलवर जातो. '५०० भागिले फोकल लेंग्थ' हा सगळ्यांना पाठ असलेला नियम ५० मिलिमीटरला दहा सेकंद देतो. तो पाळूनही तारा नऊ पिक्सेल ओढला गेलेला असतो, फक्त लहान प्रिंटमध्ये ते डोळ्यांना जाणवत नाही.

आता तुमचा पाव फेरा पाहा. पंधरा सेकंद बोल्ट स्थिर, तेवढ्यात आकाश २२६ विकला पुढे. मग पाव फेरा देऊन तुम्ही ते अंतर एका झटक्यात भरून काढता आणि पुन्हा पंधरा सेकंद स्थिर. तारा दर वेळी चौदा पिक्सेल सरकतो आणि परत जागेवर येतो. फोटोत उमटते ती चौदा पिक्सेलची रेघ. बाकी सगळं अगदी अचूक असतं तरी ती आलीच असती. पाव फेऱ्याची ही पद्धत फार रूढ आहे आणि १४ मिलिमीटरच्या लेन्सपर्यंत निभावतेही, कारण तिथे तेवढंच सरकणं चार पिक्सेलमध्ये मावतं. ५० मिलिमीटरला ती पुरत नाही.

उपाय तुमच्याच बोल्टमध्ये आहे. एम-६ बोल्टच्या दोन आट्यांमधलं अंतर एक मिलिमीटर असतं आणि आपण तो मिनिटाला एक फेरा देतो. मिनिटाला एक फेरा ही सेकंदकाट्याची चाल आहे. बोल्टच्या डोक्याला जुनी सीडी किंवा जाड पुठ्ठ्याची चकती घट्ट बसवा, तिच्या कडेवर साठ खुणा करा, खालच्या फळीवर एक स्थिर काटा ठेवा आणि चकती सेकंदाला एक खूण या गतीने फिरवत राहा. सीडी एवढ्या चकतीवर एक सेकंद म्हणजे कडेवरचे सव्वासहा मिलिमीटर. हाताला हे सहज साधतं. अर्ध्या सेकंदाने मागेपुढे झालात तरी चूक आठ विकलांची, म्हणजे अर्ध्या पिक्सेलची. घड्याळाकडे बघत फिरवू नका, अंधारात डोळे थकतात. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा आणि कानांनी फिरवा. चकती चिमटीत धरायची नाही. कडेवर एक लहान खुंटी चिकटवा आणि ती बोटाने हलकेच ढकलत राहा. धरली की हाताचा कंप थेट कॅमेऱ्यात जातो.

दुसरा दोष मापातला. २३ सेंटिमीटर हा आकडा जवळपास बरोबर आहे. एका मिनिटात आकाश ०.००४३७५ रेडियन (रेडियन हे कोन मोजण्याचं एकक) फिरतं आणि बोल्ट १ मिलिमीटर चढतो, म्हणून अंतर हवं १ भागिले ०.००४३७५, म्हणजे २२८.६ मिलिमीटर. पण हे अंतर बिजागरीच्या पिनच्या मध्यापासून बोल्टच्या मध्यापर्यंतचं आहे. तुम्ही ते फळीच्या कडेपासून मोजलंत. बिजागरी फळ्यांच्या कडेवर बाहेरून ठोकली असेल तर तिची पिन कडेच्या चार-पाच मिलिमीटर बाहेर असते. मग तुमचं खरं अंतर २३५ च्या आसपास झालं आणि ट्रॅकर पावणेतीन टक्के हळू चालला. दोन मिनिटांत आकाश १८०० विकला सरकतं, त्याचे पावणेतीन टक्के म्हणजे ५० विकला. तीन पिक्सेल इथे गेले.

दुसरा बोल्ट हाताशी असेल तर त्याचा आकडा वेगळा. मेट्रिक एम-८ च्या आट्यांचं अंतर १.२५ मिलिमीटर असतं, त्याला २८५.७ मिलिमीटर लागतात. एम-५ ला १८२.८. इंचाला वीस आटे असलेल्या पाव इंची बोल्टला २९०.३. शक्य असेल तर लांब अंतराचा बोल्ट घ्या, कारण तीच मिलिमीटरची चूक तिथे कमी महाग पडते.

या अंतरात किती अचूकता हवी? एम-६ ला एक मिलिमीटरची चूक म्हणजे ०.४४ टक्के, पाच मिनिटांच्या एक्सपोजरमध्ये २० विकला, तुमच्या लेन्सवर जेमतेम एक पिक्सेल. साध्या पोलादी पट्टीने मोजलेलं एवढं अचूक येतंच. मी पहिल्या ट्रॅकरच्या वेळी याच एका मापावर आठवडा घालवला होता, दशांश मिलिमीटरपर्यंत, आणि तरीही रेघा आल्या, कारण खरा घोटाळा बिजागरीत होता. दिवस चोवीस तासांचा धरून काढलेला २२९.२ हा आकडाही पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. त्यातली चूक पाव टक्क्याहून जरा जास्त आहे. रुंद लेन्सला त्याने काही बिघडत नाही.

बिजागरीबद्दल मात्र मी हट्टी आहे. दाराच्या साध्या बिजागरीत पिन आणि नळी यांच्यात थोडी मोकळी जागा असतेच. २०० मिलिमीटर लांबीच्या सांध्यात टोकाला ०.१ मिलिमीटर ढिलेपणा असला तर फळी १०० विकला तिरकी होऊ शकते. तुमच्या फोटोतले सहा पिक्सेल. कॅमेऱ्याचा भार सरकला, वारा आला, चकतीला बोट लागलं, की ती तेवढी डुलते. म्हणून फळीच्या पूर्ण रुंदीची पियानो बिजागरी घ्या. तिची पानं हातात धरून पिनच्या दिशेने आणि आडवी हलवून बघा, खडखडत असेल तर ती ठेवून दुसरी घ्या. जोडल्यावर दोन्ही फळ्यांमध्ये, बोल्टच्या बाजूला, ताणलेली स्प्रिंग किंवा जाड रबर लावा, म्हणजे वरची फळी नेहमी बोल्टच्या टोकावर दाबलेली राहील. याचं दुसरं कारण आणखी महत्त्वाचं आहे. कॅमेरा आकाशाच्या एका बाजूला वळवला की त्याचं वजन बिजागरीच्या पलीकडे जाऊ शकतं. मग वरची फळी बोल्टवरून उचलली जाते आणि तुम्ही बोल्ट फिरवत राहता, पण कॅमेरा जागचा हलत नाही.

फळ्या १८ मिलिमीटर प्लायवूडच्या असू द्या. लाकडाची अखंड फळी दमट हवेत पीळ खाते. बोल्टसाठी खालच्या फळीत दातेरी नट ठोकून बसवा, भोक फळीला काटकोनात पडलं पाहिजे. बोल्टचं टोक कानशीने आणि पॉलिश पेपरने मध्यभागी गोल करा, किंवा त्यावर घुमटाच्या आकाराचा नट चढवा, आणि ते जिथे टेकतं तिथे वरच्या फळीला गुळगुळीत धातूची पट्टी चिकटवा. कापलेल्या बोल्टचं सपाट टोक फिरताना कधी या कडेवर, कधी त्या कडेवर टेकतं. मग दर मिनिटाला एक हेलकावा येतो आणि लांब एक्सपोजरमध्ये तारे शेंगदाण्यासारखे दिसतात.

हे सगळं घरात, दिवसाउजेडी तपासता येतं, आणि ही चाचणी केल्याशिवाय मी कुठलाही ट्रॅकर बाहेर नेत नाही. ट्रॅकर टेबलावर आडवा ठेवा, बिजागरी भिंतीला समांतर. वरच्या फळीवर, बिजागरीला काटकोनात, साधा लेझर पॉइंटर पक्का बांधा. बिजागरीच्या पिनपासून भिंत बरोबर पाच मीटरवर असावी आणि फळी पूर्ण मिटलेली असताना किरण भिंतीवर सरळ पडावा. ठिपक्याजवळ पेन्सिलने खूण करा. आता बोल्टला एकेक फेरा द्या आणि प्रत्येक फेऱ्यानंतर खूण करा. घड्याळ लागत नाही, कारण आपण फेऱ्यामागचा कोन मोजतो आहोत. अंतर बरोबर असेल तर दर फेऱ्याला ठिपका २१.९ मिलिमीटर सरकेल आणि दहा फेऱ्यांनंतर एकूण २१९ मिलिमीटर. तुमचं अंतर खरोखर २३५ असेल तर दहा फेऱ्यांना २१३ च भरतील. हा सहा मिलिमीटरचा फरक पट्टीवर सहज दिसतो. खुणांमधली अंतरं कमी-जास्त असतील तर टेकण्याची जागा खडबडीत आहे. एकाच फेऱ्याच्या आत ठिपका आधी रेंगाळून मग धावत असेल तर टोक मध्यावर नाही किंवा बोल्ट वाकलेला आहे.

मग कॅमेरा आणि बॉल हेड (कॅमेरा हव्या त्या दिशेला वळवता येणारा गोल सांधा) चढवा आणि कॅमेऱ्याला बोटाने अगदी हलका दाब द्या. भिंतीवरचा ठिपका अडीच मिलिमीटर हलला तर ट्रॅकरमध्ये १०० विकलांचा ढिलेपणा आहे. बोट काढल्यावर ठिपका जुन्या जागी परत आला तर तो लवचीकपणा, तो निभावतो. परत आला नाही तर तो खरा ढिलेपणा, आणि तो शोधून काढायलाच हवा. बहुतेक वेळा तो तीनपैकी एका ठिकाणी सापडतो: बिजागरीचे स्क्रू, बॉल हेड फळीवर बसवणारा स्क्रू, नाहीतर ट्रायपॉडचं डोकं. बॉल हेडखाली मोठा वॉशर घाला, प्लायवूडचा पृष्ठभाग दाबाखाली चेपतो.

यानंतर उरतो रोख, आणि बिजागरी घट्ट झाल्यावर सगळ्यात जास्त रेघा इथूनच येतात. बिजागरीची पिन पृथ्वीच्या अक्षाला समांतर हवी, म्हणजे उत्तर गोलार्धात ती खगोलीय उत्तर ध्रुवाकडे रोखलेली आणि क्षितिजापासून तुमच्या अक्षांशाइतकी उचललेली. ध्रुवाकडे तोंड करून उभे राहिलात तर बिजागरी डाव्या हाताला आणि बोल्ट उजव्या हाताला असावा. बोल्ट वरच्या फळीची उजवी बाजू उचलत जाईल, कारण ध्रुवाभोवती आकाश घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. दक्षिण गोलार्धात हे सगळं उलट, आणि तिथे ध्रुवाजवळ ठळक तारा नसल्यामुळे जास्त चिकाटी लागते.

रोख एक अंश चुकला तर दोन मिनिटांत जास्तीत जास्त ३१ विकलांची घसरण होते, म्हणजे दोन पिक्सेल. पाच अंश चुकला तर साडेनऊ पिक्सेल. फोनमधल्या होकायंत्रावर विसंबलात तर पाच अंश सहज चुकतात, कारण चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर वेगळ्या, शिवाय शेजारी पोलादी बोल्ट आणि ट्रायपॉड. म्हणून ताऱ्यावरच रोखा. २०० मिलिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर व्यासाची सरळ नळी बिजागरीच्या पिनला समांतर चिकटवा. तिच्यातून दीड अंशापेक्षा जरा कमी आकाश दिसतं. सप्तर्षींमधल्या पुलह आणि क्रतूची रेषा पुढे नेऊन ध्रुवतारा शोधा, सप्तर्षी मावळलेले असतील तेव्हा शर्मिष्ठा तारकासमूहावरून, आणि ट्रायपॉड हलवून तो नळीच्या मध्यात आणा. नळी खरोखर समांतर आहे ना, हे दिवसा पाहून घ्या. नळीतून लांबच्या खांबाचं टोक बघत फळी उघड-मीट केलीत तर टोक नळीतल्या आपल्या जागेवरून हललं नाही पाहिजे. यासाठी नळी वरच्या फळीवर असावी लागते. बाहेर, उघड्या आकाशाखाली ध्रुवतारा दाखवायला हिरवा लेझर वापरू नका, विमानाच्या वैमानिकाला त्याने धोका होतो.

ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नाही. तो सुमारे ४० कला बाजूला आहे, पूर्ण चंद्रबिंबाच्या रुंदीहून जरा जास्त. थेट त्याच्यावरच रोखलंत तर दोन मिनिटांत फार तर २१ विकला चुकतात, सव्वा पिक्सेल. सुरुवातीला तेवढं पुरे. पुढे चार-पाच मिनिटांची एक्सपोजर घ्यायची असतील तर ध्रुवतारा ज्याच्या एका टोकाला आहे त्या ध्रुवमत्स्य तारकासमूहाच्या दुसऱ्या टोकाला कोचाब नावाचा ठळक, तांबूस तारा आहे, त्याच्या दिशेने ध्रुवताऱ्यापासून चंद्राच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त सरका. खरा ध्रुव तिथे आहे.

सरळ बोल्टमुळे येणाऱ्या चुकीची तुम्हाला भीती घातली गेली असेल. बोल्ट समान गतीने चढला तरी कोन समान गतीने उघडत नाही, फळी हळूहळू मागे पडते, हे खरं आहे. पण पूर्ण मिटलेल्या स्थितीपासून पहिल्या पाच मिनिटांत ती चूक एका विकलेपेक्षा कमी असते, दहा मिनिटांत सहा विकला, वीस मिनिटांत ४६. दर दहा मिनिटांनी बोल्ट उलटा फिरवून फळी मिटवलीत की हा प्रश्नच संपतो. वाकवलेला आटेदार गज किंवा दोन्ही टोकांना सांधे असलेला बोल्ट या सुंदर रचना आहेत, पण ५० मिलिमीटरच्या लेन्ससाठी त्यांच्यामागे लागू नका. गज नेमक्या वर्तुळात वाकवताना जेवढी चूक होते ती बहुधा या चुकीहून मोठी असते.

मोटर लावायची वेळ येईल ती कंटाळा आल्यावर, किंवा ८५ मिलिमीटरच्या पुढे गेल्यावर. तेव्हा स्टेपर मोटरच घ्या, म्हणजे ठरावीक छोट्या पावलांनी फिरणारी मोटर. साधी गिअरवाली डीसी मोटर बॅटरी उतरली किंवा भार वाढला की गती बदलते. सगळीकडे वापरली जाणारी २८बीवायजे-४८ ही छोटी स्टेपर मोटर या कामाला पुरते, तिच्याबद्दल एकच सावधगिरी. बहुतेक प्रोग्रॅममध्ये तिच्या एका फेऱ्याला २०४८ पावलं धरलेली असतात, पण तिच्या गिअरचं खरं प्रमाण ६४ नसून ६३.६८ आहे, म्हणून पावलं भरतात सुमारे २०३८. अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो, आणि लोक तो बोल्टच्या अंतरात शोधत बसतात. दोन पावलांमध्ये २९,४४२ मायक्रोसेकंद ठेवा. बोल्ट वर चढतो तशी मोटरही त्याच्याबरोबर सरकली पाहिजे, नाहीतर ती बोल्टला बाजूला ओढते. म्हणून तिला दोन सरळ दांड्यांवर घसरती बसवा.

आता बाहेर काय करायचं ते सांगतो. चंद्र नसलेली रात्र निवडा. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडू नका, मधली दांडी वर काढू नका, खाली पिशवी अडकवा. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, फोकस हाताने, पडद्यावर ठळक तारा मोठा करून. २४ मिलिमीटरने सुरू करा, कारण तिथे प्रत्येक चूक निम्मी दिसते. आयएसओ ८००, छिद्र एफ ४, एक मिनिट, शटर रिमोटने. कॅमेरा ध्रुवाच्या विरुद्ध दिशेला, मृगासारख्या खगोलीय विषुववृत्तावरच्या तारकासमूहाकडे वळवा. तारे तिथे सर्वांत वेगाने सरकतात, म्हणून गतीची चूक तिथे लपत नाही. एका मिनिटाला तारे ठिपके आले की दोन मिनिटं, मग ५० मिलिमीटर.

रेघा आल्याच तर त्यांची दिशा बघा. ट्रॅकर बंद ठेवून वीस-तीस सेकंदांचा एक फोटो आधीच घ्या. त्यातली रेघ म्हणजे आकाशाची पूर्व-पश्चिम दिशा. ट्रॅकर चालू असतानाची रेघ तिला समांतर असेल तर दोष गतीत आहे, म्हणजे अंतर किंवा फिरवणं. ती काटकोनात असेल तर ध्रुवाचा रोख चुकला आहे. वेडीवाकडी किंवा तुटक असेल तर ढिलेपणा. फोटोच्या एका कोपऱ्यात ठिपके आणि दुसऱ्यात रेघा असतील तर आधी लेन्स तपासा, पूर्ण उघड्या छिद्राला कोपऱ्यातले तारे पंख फुटल्यासारखे दिसतात आणि त्यात ट्रॅकरचा काही संबंध नसतो.

भिंतीची चाचणी आधी करा. दहा फेऱ्यांना ठिपका किती सरकला, पिन ते बोल्ट अंतर किती भरलं आणि बोटाच्या दाबाने ठिपका किती हलला, हे तीन आकडे मला कळवा. ते हातात आले की पहिला स्क्रू कुठला सोडायचा हे सांगता येईल.